ऑप आयव्ही प्रकल्प: पेडल काढलं आणि 'साउंड सिस्टिम' सुटलं

सुटलं एकदाचं! मंडळी, ऑप आयव्हीच्या 'साउंड सिस्टिम' गाण्याचा जोड बसला. कडव्यातली छाटणी (गिटारचे तुटक फटके) संपवून ध्रुवपदाच्या भरगच्च कॉर्डवर उडी मारायची ती जागा, जिच्यावरून मागच्या अपडेटमध्ये मी इतकं रडगाणं गायलं की कुणीतरी "ताई, सोडा ते आणि उकुलेले घ्या" असं सुचवलं होतं. उकुलेले घेतलेलं नाही. उलट एक वस्तू कमी केली आहे. ती कुठली ते शीर्षकातच सांगून टाकलंय, पण कशी ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यातले निम्मे इथेच अडकलेले आहेत हे मला माहीत आहे.

प्रकल्प तोच आहे: ऑपरेशन आयव्ही, म्हणजे ऑप आयव्ही, या अमेरिकन स्का पंक बँडच्या 1991च्या सीडीवरची सगळी 27 गाणी घरी वाजवून रेकॉर्ड करायची. 'एनर्जी' अल्बमची 19, 'हेक्टिक' या ईपीची (छोट्या रेकॉर्डची) 6 आणि 1987च्या 'टर्न इट अराउंड' संकलनातली 2. 'नॉलेज' मागेच झालं. तीन कॉर्डचं गाणं आहे, ग्रीन डे हा बँडवाले वर्षानुवर्षं मैफलीत प्रेक्षकांमधून कुणालाही मंचावर ओढून हेच गाणं वाजवून घेतात, त्यात फुशारकी कसली. सरळसोट पंक गाणी भराभर उरकतात. मनगट दुखतं, एवढंच. अडतं ते जिथे एकाच गाण्यात स्काची छाटणी आणि पंकचा दणका दोन्ही आहेत तिथे.

आणि ऑप आयव्हीमध्ये अडलं तर लपायला आडोसाही नाही. स्का पंक (जमैकन स्काची मधल्या मात्रांवरची गिटार अधिक पंक) म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर 1997च्या आसपासचे बँड येतात: मायटी मायटी बॉसटोन्स, रील बिग फिश, लेस दॅन जेक. सगळीकडे ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्स. अशा गाण्यात कडव्याकडून ध्रुवपदाकडे जाताना गिटार थोडी धडपडली तरी वर ब्रासची ओळ चाललेली असते, ऐकणाऱ्याचं लक्ष तिकडे. बर्कलीच्या या चौघांकडे ती सोय नव्हती. जेसी मायकल्स गाणार, लिंट म्हणजे टिम आर्मस्ट्राँग गिटारवर, मॅट फ्रीमन बेसवर, डेव्ह मेलो ड्रमवर, संपला बँड. सगळ्या रेकॉर्डमध्ये सॅक्स ऐकू येतो तो 'बॅड टाउन'मध्ये, पॉल बे नावाच्या पाहुण्याचा. बाकी ठिकाणी ब्रासनं भरायची जागा फ्रीमनच्या बेसनं भरलेली आहे आणि जोड मात्र एकट्या गिटारच्या डोक्यावर.

आता मुद्द्याचं. या अडचणीला दोन थर निघाले. वरचा थर आवाजाचा, खालचा हाताचा.

आवाजाचा थर असा. कडव्यात गिटार कोरडी, पातळ हवी. प्रत्येक मात्रेवर नाही तर दोन मात्रांच्या मधल्या 'आणि'वर पडणारी, पडल्या पडल्या तुटणारी, विळीवर गवार मोडल्यासारखी. ध्रुवपदात तीच गिटार फाटलेली, रुंद, आठही ठोक्यांवर. मी सुरुवातीपासून हे पेडलनं करत होते: कडव्यात क्लीन, जोडावर पाय दाबून डिस्टॉर्शन. हे पेडल ऑनलाइन मागवलेलं, विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण त्याचं बटण इतकं ताठ आहे की दाबताना अख्खा पाय उचलावा लागतो. पाय उचलला की कंबर हलते, कंबर हलली की उजवा हात पुढे सरकतो. दर वेळी जोडावरची पहिली कॉर्ड किंचित आधी पडायची. मग मी दोन ट्रॅक वेगळे वाजवून पाहिले, क्लीन वेगळा, डिस्टॉर्शन वेगळा, आणि रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कापून जोडले. तालात बसलं, पण ऐकायला दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या दिवशी वाजवल्यासारखं. ज्यांना मी ती क्लिप पाठवली होती त्यांनी भिडस्तपणे "स्वच्छ वाटतंय" म्हटलं. स्वच्छ! ऑप आयव्हीचं कव्हर आणि स्वच्छ!

मग पुन्हा मूळ रेकॉर्ड हेडफोनवर, नुसती गिटार धरून ऐकत बसले. आणि एक गोष्ट ध्यानात आली: कडव्यातली गिटार आपण समजतो तितकी क्लीन नाहीच. तिच्यात धूळ आहे. आपल्या डोक्यात जमैकन स्काचा किंवा 1979नंतरच्या टू टोनवाल्या ब्रिटिश स्का बँडचा आवाज बसलेला असतो आणि आपण तो इथे लादतो. इथली छाटणी त्या मानानं खरबरीत आहे. म्हणजे दोन आवाज हवेत कशाला? एकच आवाज हवा, जो हलक्या हातानं पातळ लागेल आणि जोरात मारला की फाटेल.

म्हणून पेडल काढलं आणि अँप फाटायच्या अगदी उंबरठ्यावर आणून ठेवला. फ्लॅटमध्ये खरा व्हॉल्व्ह अँप त्या पातळीला नेला तर सोसायटीची तातडीची बैठक भरेल, तेव्हा मी नॅम वापरते. न्यूरल अँप मॉडेलर, संगणकावर अँपचा आवाज देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आणि माझ्या मते महागड्या सिम्युलेटर्सच्या तोडीचं आहे. भांडायचं असेल तर भांडा. त्यात गेन (आवाज किती फाटेल ते) एवढाच ठेवायचा की खालच्या दोन-तीन तारांवर पॉवर कॉर्ड दणकून मारली की कडा फाटते, आणि वरच्या तीन तारा अपस्ट्रोकनं (हात वर येताना) नुसत्या चाटून गेल्या की जवळजवळ क्लीन. गिटारचा व्हॉल्यूम दहावर न ठेवता सात-आठच्या दरम्यान. ब्रिजचा पिकअप. टोनला हात लावायचा नाही. एवढं केलं आणि कडव्यापासून ध्रुवपदापर्यंत काहीही न दाबता आवाज आपोआप बदलायला लागला. बदल पायात नाही, कुठल्या तारा आणि किती जोर यात आहे.

ज्यांचा डावा हात अजून कच्चा आहे त्यांच्यासाठी जाता जाता: तुकडा तोडायचं काम डाव्या हाताचं आहे. कॉर्ड वाजली की बोटं तारेवरून उचलायची नाहीत, नुसता दाब सोडायचा. बोटं पूर्ण उचलली की मोकळ्या तारा गुणगुणतात, आणि या गेनला ती गुणगुण कडव्यात शेवटपर्यंत ऐकू येते. क्लीन आवाजावर हे खपून जात होतं, आता खपत नाही.

इथे मला वाटलं झालं. झालं नव्हतं. आवाज सुटला, पण मिनिटाला 150 मात्रांना (बीपीएम) छान चालणारा जोड 180च्या पुढे गेला की घसरायचाच. आता पेडलवर खापर फोडायची सोय नव्हती, म्हणून मोबाइल गिटारच्या मानेशी लावून उजव्या हाताचं स्लो मोशन शूटिंग केलं. हे सगळ्यांनी करा, फार बोलकं असतं.

काय होतंय पाहा. कडव्यात हात मात्रेला एक फेरी मारतो: मात्रेवर खाली (हवेतून किंवा दाबलेल्या तारांवरून), 'आणि'वर वर, आणि वर येताना वाजवतो. ध्रुवपदात सगळे डाउनस्ट्रोक. म्हणजे मात्रेवर खाली आणि 'आणि'वरही खाली. मात्रेला दोन फेऱ्या. गाण्याची लय तीच राहते, पण हाताची गती एका क्षणात दुप्पट. शेवटचा अपस्ट्रोक चौथ्या मात्रेच्या 'आणि'वर, त्यानंतर अर्ध्या मात्रेत 'एक' येतो. तो 'एक' बरोबर पडतो, कारण हात तसाही खालीच येणार असतो. बिघडतो तो पुढचा 'आणि'. हाताला अजून जुनी सवय, तो वर जाताना वाजवायला बघतो, मग भानावर येऊन परत खाली येतो, आणि उशीर होतो. म्हणून पहिली कॉर्ड ठीक, दुसरी लंगडी. मी इतके दिवस पहिलीच ऐकत होते!

उपाय आमच्या ताशेवाल्यानं दिला. जुन्या वाचकांना तो माहीत आहे. इमारतीतलाच, ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, ड्रमसेटवर बसून त्याला फार काळ झालेला नाही, पण मनगटं अशी की बघत राहावं. त्याला मी व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "तू हात बदलतेस कुठे? एकवर. आधी बदल ना. आम्ही चाल बदलायच्या आधीच काडी बदलतो, लोकांना ऐकू नंतर येतं."

म्हणजे कडव्याच्या शेवटच्या बारमध्येच (चार मात्रांच्या आवर्तनात) हाताला दुप्पट गतीवर आणायचं. छाटणी 'आणि'वरच पडते, पण ती आता अपस्ट्रोकनं नाही, डाउनस्ट्रोकनं मारायची. मात्रेवर हात खाली येतो तो मुका, 'आणि'वर खाली येतो तो वाजतो. बाहेरून काहीच बदललेलं नाही, आतून हात ध्रुवपदाच्या चालीत आधीच पोचलेला आहे. मग 'एक' आला की फक्त मुके फटके बोलके करायचे आणि हात खालच्या तारांवर सरकवायचा. वर एक फायदा फुकट मिळतो: डाउनस्ट्रोकला आधी जाड तार लागते, त्यामुळे शेवटच्या त्या चार छाटण्या किंचित भरीव ऐकू येतात आणि पुढे काहीतरी येतंय अशी चाहूल लागते. पूर्ण बार नको वाटला तर शेवटच्या दोन छाटण्याही पुरतात. मी दोन्ही करून पाहिलं. वेगात पूर्ण बारच सुरक्षित.

190ला बसलं. त्या दिवशी मी ते नुसतं पुन्हा पुन्हा वाजवत बसले. रेकॉर्ड वगैरे काही नाही. ध्रुवपदात शिरताना पोटात जो गोळा यायचा तो आलाच नाही.

लिंट असंच वाजवत होता असा माझा दावा नाही, हा माझ्या मनगटाला मानवलेला मार्ग आहे. त्या लोकांनी हे कुठल्या पद्धतीनं शिकलं असेल असं मला वाटतही नाही. लिंट आणि फ्रीमन लहानपणापासूनचे मित्र, आधी बेसिक रेडिओ नावाच्या बँडमध्ये एकत्र वाजवलेलं, गावातच अपटोन्ससारखा स्का बँड ऐकायला मिळालेला, आणि 31 डिसेंबर 1986ला उघडलेलं 924 गिलमन स्ट्रीट हे पंक कार्यक्रमांचं ठिकाण हाताशी. दारू नाही, मारामारी नाही, वंशभेदी-बायकांना कमी लेखणारे बँड नाहीत, सगळा कारभार स्वयंसेवकांचा. मे 1987ला बँड सुरू आणि 28 मे 1989ला तिथेच निरोपाचा कार्यक्रम. दोन वर्षं! त्या निरोपाला ग्रीन डे होते, स्वीट चिल्ड्रन हे जुनं नाव टाकून नव्या नावानं पहिल्यांदाच. 'एनर्जी' बाजारात येते न येते तोच बँड संपलेला. नावही कुठून उचललेलं, तर 1952मध्ये अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या एनेवेटाकला केलेल्या अणुचाचण्यांच्या मालिकेवरून, ज्यातल्या पहिल्या हायड्रोजन स्फोटानं एक बेट नकाशावरून पुसलं. नावाप्रमाणे वागले म्हणायचे.

बरं, जोड बसला तरी रेकॉर्डिंग अजून नाही, आणि त्याचं कारण ग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या ठरावीक मात्रांच्या रेषा. मी आतापर्यंत प्रोग्राम केलेल्या ड्रमवर काम करत होते. ठरावीक बीपीएम, क्लिक, त्यावर सगळं. 'नॉलेज' तसंच केलं. 'साउंड सिस्टिम'ला ते मारक ठरतंय. मूळ गाणं रीपरमध्ये टाकून ग्रिड लावला तर ते थोड्याच वेळात ग्रिड सोडून चालू लागतं. ध्रुवपदाला माणसं रेटतात, कडव्यात मागे रेलतात. मग मी टेम्पो मॅप करायला घेतला, प्रत्येक बारला मार्कर ठोकून. किचकट काम, पण होतं. अर्ध्या गाण्यापर्यंत आले आहे. ज्यांना आपोआप टेम्पो ओळखणाऱ्या सुविधेवर भरवसा आहे त्यांना शुभेच्छा. या वेगाला आणि ऑफबीटला ('आणि'वरच्या ठोक्यांना) ती बहुतेक वेळा 'आणि'लाच 'एक' समजते आणि अख्खं गाणं अर्ध्या मात्रेनं उलटं करून देते.

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: मार्कर कशाला ठोकतेय मी? ताशेवाला आहे, जोड बसलाय, मग दोघांनी समोरासमोर उभं राहून वाजवावं आणि तेच रेकॉर्ड करावं. क्लिक नाही, मॅप नाही. 'एनर्जी'चंही पहिलं रेकॉर्डिंग गिलमनमध्येच करायचा प्रयत्न झाला होता. तो जमला नाही, टाकून दिला, आणि निर्माता केव्हिन आर्मीबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या साउंड अँड व्हिजन स्टुडिओत नव्यानं केलं. स्टुडिओत जाऊनही रेकॉर्ड ऐकताना चौघं एका खोलीत घाम गाळतायत असंच वाटतं. माझ्या प्रोग्राम केलेल्या ड्रमला घाम कुठून येणार.

तर बेत बदलला. घरचं रेकॉर्डिंग गिटारच्या ओव्हरडबपुरतं (नंतर चढवायच्या थरांपुरतं) आणि गाण्याच्या आवाजापुरतं. ड्रम आणि पहिली गिटार जॅमरूममध्ये, तासावर. ज्या जॅमरूमला आम्ही आधी जात होतो तिथला स्नेअर पातेल्यासारखा वाजतो आणि मालक तो बदलत नाही, म्हणून दुसरी शोधली आहे. माइक चारच: ओव्हरहेडला दोन, बास ड्रमला एक, स्नेअरला एक. जास्त माइक लावून या संगीताचं भलं होत नाही, हे माझं मत जुनंच आहे. केबल मात्र या वेळी मी स्वतः डाग देऊन बनवल्या. लॅमिंग्टन रोडवरून जॅक आणि वायर मीटरवर आणली, तयार केबलच्या निम्म्याहून कमी खर्च, आणि तुटली तर कुठे तुटली ते कळतं.

बेसचं काय, असं विचारणारे आहेतच. बेसचं काम संथ आहे आणि त्याला स्वतंत्र अपडेट लागेल. 'युनिटी' गाण्याची बेसची ओळ आत्ता कुठे डाव्या हातात बसते आहे. फ्रीमन कॉर्डचे स्वर नुसते मोजत जात नाही, एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मधले स्वर पकडत चालतो, आणि चालताना मधेच धावतो. ज्यांना तो फक्त रॅन्सिड या त्याच्या नंतरच्या बँडमुळे, 1995च्या त्या सुप्रसिद्ध बेस सोलोमुळे माहीत आहे, त्यांनी आधी इथे यावं. सगळं इथे आहे, नुसतं अजून लपवलेलं. माझी एक छोटी जीत सांगते: पिकनं वाजवायला लागल्यावर ओळ पुढे आली. बोटांनी वाजवताना ती गिटारच्या खाली बुडायची.

आता 'बॅड टाउन'चा सॅक्स. मी तो कीबोर्डवर वाजवायचं ठरवलं होतं, मागच्या यादीत तसं लिहिलंयही. खोडा ते. मधे एका लग्नाच्या वरातीत बँडमध्ये सॅक्स वाजवणारे एक काका दिसले. वरात संपल्यावर, वाद्य पेटीत ठेवताना, मी त्यांना गाठलं आणि मोबाइलवर गाणं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून अर्धं ऐकलं, म्हणाले, "पट्टी कुठली ते सांगा, आणि हे गाणारे एवढे चिडलेत कशावर?" मी म्हटलं, "काका, गावावर." "मग बरोबर आहे," म्हणाले, आणि तिथेच वाद्य परत बाहेर काढून ओळीचा पहिला तुकडा वाजवला. मूळ सुरांपेक्षा मींड जास्त, शेवट जरा सिनेमातल्या गाण्याकडे झुकलेला. मला भयंकर आवडलं. काहींना हा धर्मद्रोह वाटेल, वाटू दे. लग्नाचे मुहूर्त संपले की येतो म्हणाले आहेत, मानधन त्यांनी सांगितलं तेच ठरलं.

यामुळे क्रमही बदलतो. आधी 'टेक वॉर्निंग' करणार होते, आता 'साउंड सिस्टिम' आणि 'बॅड टाउन' एकाच सत्रात. ताशेवाला दोन्हींचा ठेका घोटतोय. ऑफबीटला हाय-हॅट उघडायची त्याला खोड आहे. 'बॅड टाउन'ला ती चालेल, 'साउंड सिस्टिम'ला नको असं मी बजावलंय. तो म्हणतो बघू.

एक मदत हवी आहे. जोडाच्या त्या शेवटच्या बारमध्ये डाउनस्ट्रोकची छाटणी करताना माझं 0.73 मिमी जाडीचं पिवळं टॉर्टेक्स पिक वाकतं आणि पातळ तारांवर टकटक करतं. हिरवं 0.88 घेतलं तर छाटणी नेटकी होते, पण कडव्यातले अपस्ट्रोक अडखळतात. मधलं काही कुणी वापरतं का? की 0.88च ठेवून पिक तिरपं धरायचं? जॅमरूमचं बुकिंग करायच्या आधी ठरवायचं आहे, तेव्हा ज्यांनी हे दोन्ही वापरून पाहिलंय त्यांनी जरा लवकर लिहा.